लहान मुलांसह नवे बिऱ्हाड : वस्ती कशी निवडावी?



विहारात, विवाहप्रसंगी आणि गृहप्रवेशाच्या वेळी आपण सर्वजण मंगल सुत्ताचे पठण करतो. त्यात सांगितलेल्या अडतीस मंगलांमध्ये योग्य ठिकाणी वास्तव्य करणे हेही एक मंगल मानलेले आहे. मूर्खांची संगत टाळावी, शहाण्यांची संगत धरावी, पूजनीयांचा आदर करावा, असे सांगून झाल्यावर लगेच वास्तव्याचा उल्लेख येतो. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. माणूस ज्या वस्तीत राहतो, त्या वस्तीतूनच त्याला संगत मिळते. मोठ्या माणसाला ऑफिस असते, मित्रमंडळी असते, तो आपली संगत दूर जाऊनही शोधू शकतो. पाच वर्षांच्या मुलाला मात्र तसे करता येत नाही. त्याचे जग म्हणजे जिना, गल्ली, कोपऱ्यावरचे दुकान आणि शाळेची वाट. म्हणूनच आपण घर निवडतो तेव्हा नकळत आपल्या मुलांचे बालपण निवडत असतो.

ठाकुर्लीत दरवर्षी अनेक नवी बिऱ्हाडे येतात. कोणी मुंबईची चाळ पुनर्विकासात गेली म्हणून येतो, कोणाचा भाडेकरार संपलेला असतो, तर कोणी गावाकडून नोकरीसाठी प्रथमच येतो. डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्थानकांच्या मधले हे छोटे स्थानक, त्यामुळे येथे घर शोधणाऱ्यांचा ओढा स्वाभाविक आहे. परंतु घर पाहताना बहुतेकांचे लक्ष खोल्या किती, चौरस फूट किती, डिपॉझिट किती आणि स्टेशन किती मिनिटांवर, एवढ्यावरच असते. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण लहान मुले असणाऱ्या कुटुंबाला ते अपुरे आहेत. यांच्या जोडीला आणखी कोणते प्रश्न विचारावेत, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

पायी अंतराची कसोटी

पहिला प्रश्न असा की, आपले मूल या घरातून पायी कुठे कुठे पोहोचू शकेल? बालवाडी किंवा शाळा, डॉक्टर, खेळायला मोकळी जागा, किराणा दुकान, वाचनालय, महापालिकेचे आरोग्य केंद्र आणि आपले विहार, ही ठिकाणे मुलाच्या पावलांनी दहा-पंधरा मिनिटांत येतात का? मोठ्या माणसाचे दहा मिनिटांचे अंतर लहान मुलाला वीस मिनिटांचे होते, हे लक्षात ठेवावे. जेथे प्रत्येक कामाला रिक्षा लागते, तेथे महिन्याचा खर्च तर वाढतोच, पण मूल घरात कोंडले जाते आणि आई त्याच्याबरोबर अडकते.

ठाकुर्लीच्या बाबतीत या कसोटीला आणखी एक अट जोडावी लागेल. रेल्वेच्या रुळांनी या गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल तर मुलाला रोज दोनदा पूल चढावा-उतरावा लागतो. कंटाळा आला की मोठी माणसे सरळ रूळ ओलांडतात आणि त्यांचे पाहून मुलेही तेच शिकतात. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते जिवावर बेतते. तेव्हा शक्यतो शाळेच्या बाजूलाच घर पाहावे. स्टेशनला जाण्यासाठी पूल ओलांडायचा असेल तर तो आई-वडिलांनी ओलांडावा, मुलांवर ती वेळ आणू नये. हीच गोष्ट पूर्वेकडील नव्वद फुटी रस्त्यासारख्या रुंद रस्त्यांची. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो. असा रस्ता रोज ओलांडावा लागणार असेल तर तेथे पदपथ मोकळा आहे का, ओलांडायला सुरक्षित जागा आहे का, हे पाहावे.

अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली शहरांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, रस्ता सुरक्षित राहतो तो केवळ पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदार, खिडकीत बसलेली माणसे आणि येणारे-जाणारे यांच्या नजरेमुळे. आपल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. भाजीवाली मावशी, इस्त्रीवाला, पिठाच्या गिरणीवरचा माणूस हे सगळे न नेमलेले राखणदारच असतात. उंच कुंपण आणि निर्मनुष्य गल्ली असलेल्या इमारतीपेक्षा, खाली चार दुकाने उघडी असलेली साधी इमारत लहान मुलांना अनेकदा अधिक सुरक्षित असते.

शाळेच्या अंतराचा संबंध कायद्याशीही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शेजारची शाळा ही कल्पना मध्यवर्ती आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याखालील नियम सांगतात. याच कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या आहेत. या प्रवेशांत जवळच्या मुलांना प्राधान्य मिळते, आणि अंतर मोजले जाते ते आपण दिलेल्या पत्त्यावरून. राज्य शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत, सरकारी शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट देणारा बदल केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. भाड्याने राहणाऱ्यांनी आपला भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. साध्या कागदावरचा करार ऐन प्रवेशाच्या वेळी कामाला येत नाही.

आपलेपणाची कसोटी

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. घर चांगले आहे, शाळा जवळ आहे, पण ही वस्ती आपल्या मुलांना आपले मानील काय? आपल्यापैकी अनेकांनी घर शोधताना एक ठराविक संभाषण ऐकलेले आहे. प्रथम विचारले जाते, "पूर्ण नाव काय?" मग "गाव कुठले?" मग "नॉनव्हेज चालते का?" आणि मग अचानक ते घर दुसऱ्याला दिले गेलेले असते. उघड नकार क्वचितच मिळतो.

हा केवळ आपला ग्रह नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर शोधणाऱ्याचे नाव उच्चवर्णीय वाटले की थेट नकार येत नव्हता, परंतु नाव दलित किंवा मुस्लिम असले की तो येत होता, आणि काहींना जादा भाडे किंवा जाचक अटी सोसून घर घ्यावे लागत होते, असे त्यात आढळून आले.

अशा वेळी आडनाव लपवण्याचा मोह होतो. याबाबत परमपूज्य बाबासाहेबांचा अनुभव प्रत्येक तरुण जोडप्याने आठवावा. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्या मित्रांनीही असमर्थता दाखवली आणि बाबासाहेब मुंबईला परतले. लपवलेल्या नावावर उभे राहिलेले घर कोणत्या दिवशी सुटेल याचा नेम नसतो, हा त्या प्रसंगाचा एक धडा आहे. त्यात लहान मूल असेल तर ते ओझे त्याच्यावर पडते. घरात एक बोलायचे आणि जिन्यात दुसरे, हे त्याला शिकवावे लागते. आपल्या नावाची लाज बाळगायला शिकलेले मूल वर्गात हात वर करीत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, नाव पहिल्याच भेटीत सांगावे. ज्या घराचे दार त्यामुळे बंद होते, ते घर आपल्या मुलांसाठी योग्य नव्हतेच.

पण दार उघडले म्हणजे वस्ती आपली झाली असेही नाही. ती पारखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. इमारतीत कचरा गोळा करणाऱ्या ताईंना लोक कसे हाक मारतात? त्यांनी पाणी मागितले तर कोणत्या भांड्यातून मिळते? घरकामाच्या बायकांना लिफ्ट वापरू देतात का? वॉचमनची मुले इतर मुलांबरोबर खेळतात, की बाजूला उभी राहून पाहतात? सूचना फलकावर कोणकोणत्या सणांची व जयंत्यांची निमंत्रणे लागतात? जेथे गणपती, ईद, नाताळ आणि १४ एप्रिल या सर्वांना सारखीच जागा मिळते, तेथे आपल्या मुलाला आपली जयंती कुजबुजत साजरी करावी लागणार नाही. या खुणा पाहायला पैसे लागत नाहीत, केवळ दोन-तीन चकरा लागतात.

कायदा काय म्हणतो, हेही माहीत असावे. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पात्र व्यक्तीला पुरेसे कारण नसताना सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. तेव्हा नकार तोंडी ऐकून परत येऊ नये, कारण लेखी मागावे. मात्र कायद्याच्या मर्यादाही आहेत. २००५ साली गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणून घर विकत घेण्यापूर्वी त्या सोसायटीचे उपविधी वाचावेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही शेवटची हत्यारे आहेत. ती हाताशी असावीत, परंतु मुलांचे बालपण कोर्टाच्या तारखांत जाऊ नये यासाठी आधीची पारख महत्त्वाची.

आपली वस्ती की मिश्र वस्ती?

यावर कोणी म्हणेल, एवढा व्याप कशाला? सरळ आपल्याच लोकांत राहावे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. आपल्या वस्तीत आजारपणात धावून येणारे शेजारी असतात, मुलांना वंदना शिकवावी लागत नाही, कोणी आडनाव विचारत नाही. पण मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्याला कॉलेजात, वसतिगृहात, नोकरीत सर्व प्रकारच्या लोकांत वावरावे लागते. ते प्रथमच त्या वयात बाहेर पडले तर बुजते किंवा चिडते. लहानपणीच निरनिराळ्या भाषा, जेवणे आणि चालीरीती पाहिलेले मूल सहज मिसळते. शिवाय आपण सगळे एका कोपऱ्यात गेलो तर दुसऱ्यांची मुलेही आपल्याविषयी ऐकीव गोष्टींवरच वाढतात.

बाबासाहेब परळच्या चाळीतील दोन खोल्यांत बरीच वर्षे राहिले. चाळीने त्यांना माणसे दिली. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचे घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. मुंबईच्या सुधारणा विश्वस्त मंडळाने आखलेल्या दादर-माटुंगा भागातील ही वसाहत. रुंद रस्ते, झाडे, शाळा-महाविद्यालये पायी अंतरावर, अशी तिची रचना. राजगृह तेथे आपल्या नावाने, ग्रंथसंग्रहासह उभे राहिले. बडोद्यात नाव लपवून मिळालेले अकरा दिवस आणि दादरमध्ये नावासह उभे राहिलेले घर, या दोन्हींतले अंतर आपण समजून घेतले पाहिजे. आणि दादरला गेल्यावर बाबासाहेबांचे परळशी नाते तुटले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

ठाकुर्लीलाही मिश्र वस्तीचा वारसा आहे. रेल्वेने येथे वीजघर उभारले, कामगारांसाठी क्वार्टर्स बांधली. ते वीजघर कधीच बंद पडले, पण रेल्वे वसाहतींची एक गोष्ट विसरू नये. तेथे खोली हुद्द्याप्रमाणे मिळे, आडनावाप्रमाणे नव्हे. त्यामुळे मराठी, तमिळ, भोजपुरी, गुजराती बोलणारी माणसे एकाच नळावर पाणी भरीत. कोणी उपकार म्हणून कोणाला शेजारी घेतले नव्हते, नियमानेच ते घडले. सिंगापूरने तर १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय व भारतीय वंशाच्या कुटुंबांचे कमाल प्रमाणच ठरवून दिले आहे. त्या धोरणावर टीकाही होते, परंतु शेजार आपोआप मिश्र होत नाही, तो घडवावा लागतो, एवढे त्यावरून दिसते.

म्हणून आमचे सांगणे असे की, जिना मिश्र असावा आणि आपली माणसे पायी अंतरावर असावीत. रोजचा शेजार सर्वांचा आणि अडीअडचणीला, रविवारच्या वंदनेला, मुलांच्या संस्कार वर्गाला पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असे आपले विहार. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तर मूल एकटेही पडत नाही आणि कोंडलेही जात नाही. एकाच इमारतीत दहा घरे आपली घेण्यापेक्षा चोळे, खंबाळपाडा, कचोरे आणि पश्चिमेकडील भाग अशा चार ठिकाणी ती विखुरलेली, पण एकमेकांना धरून असलेली बरी.

कागद आणि जमीन

वस्ती कितीही चांगली असली तरी इमारतच पक्की नसेल तर सगळे व्यर्थ. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळून माणसे मृत्युमुखी पडली, हे आपण विसरलेलो नाही. जुनी इमारत असेल तर तिचे संरचनात्मक परीक्षण झाले आहे का आणि ती महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत आहे का, हे विचारावे. नवी इमारत असेल तर बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची नोंदणी पाहावी. केवळ नोंदणीचा कागद पाहून भागत नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिला आणि आयुष्यभराची पुंजी घातलेली कुटुंबे हवालदिल झाली. परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन स्वतः पडताळावा. एजंटचा शब्द हा पुरावा नव्हे.

जमिनीविषयी कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. २६ जुलै २००५ ला पाणी कोठपर्यंत आले होते? २०१९ च्या जुलैत काय झाले? तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. त्याचप्रमाणे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपासून घर किती दूर आहे हेही मोजावे. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तेथील रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी बऱ्याच दूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. स्वस्त घर का स्वस्त आहे, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

चार चकरांचा नियम

वरील सर्व प्रश्न लक्षात ठेवणे कठीण वाटेल. त्यासाठी एक सोपा नियम सांगतो. घर पक्के करण्यापूर्वी त्या वस्तीत चार चकरा माराव्यात आणि शक्य तेव्हा मुलाला बरोबर न्यावे.

१) सकाळी शाळेच्या वेळी : मुले कशी जातात, पायी की व्हॅनने, रस्ता कोण ओलांडून देते, हे कळते.

२) संध्याकाळी पाचनंतर : मुले कोठे खेळतात, कोणाबरोबर खेळतात आणि त्यांना कोण ओरडते, हे कळते.

३) रात्री आठ-नऊच्या सुमारास : दिवे किती लागतात, एकटी स्त्री स्टेशनवरून निर्धास्त चालत येते का, हे दिसते.

४) एकदा भर पावसात : गटार, पाणी, वीज आणि शेजाऱ्यांचा स्वभाव, या चारही गोष्टी पावसात उघड्या पडतात.

विद्यार्थी मित्रांना आम्ही एक काम सुचवतो. सुट्टीत तीन-चार जणांचे गट करून ठाकुर्लीच्या एकेका भागाचा पायी नकाशा तयार करावा. शाळा, अंगणवाड्या, दवाखाने, मैदाने, पूल, अंधाऱ्या जागा आणि पाणी साचणाऱ्या जागा त्यात दाखवाव्यात. हा नकाशा विहारात लावला तर नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याचा उपयोग होईल. जुन्या सभासदांनीही एक जबाबदारी घ्यावी. नवीन कुटुंब, ते कोणत्याही समाजाचे असो, आपल्या मजल्यावर राहायला आले की पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात जावे आणि त्यांच्या मुलांची नावे विचारून घ्यावीत. आपल्याला जशी वस्ती हवी आहे तशी ती दुसऱ्यासाठी आपण आधी व्हावे लागते.

घराची किंमत कागदावर रुपयांत लिहिलेली असते. पण संध्याकाळी खाली खेळणाऱ्या आपल्या मुलाला शेजारच्या काकू त्याच्या नावाने हाक मारतात आणि ते मूल आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगते, तेव्हा आपण योग्य ठिकाणी वास्तव्य केले असे समजावे.

जय भीम!